शिकारीचा कुत्रा कोणाला म्हणावं

मड लेकच्या सरकारी रानात गाड्या लावायच्या जागेपाशी जी हिरवी पाटी आहे ना, तिच्यावरचा नियम व्हर्लिन स्टेन्सरुडच्या टाळक्यातून निघालेला. दोन हिवाळे तो वन्यजीव खात्याच्या सल्लागार समितीत बसला, फुकटची कॉफी प्यायला आणि पाळीव कुत्र्यांविरुद्ध भांडला. शिकारीच्या हंगामात घरगुती कुत्रे साखळीला, आणि तेही फक्त पूर्वेच्या पायवाटेवर. शिकारीचे कुत्रे मात्र रानभर मोकळे. तीनदा नियम मोडला की मालकाला वर्षभर बंदी. मग कुणीतरी विचारलं, शिकारीचा कुत्रा ओळखायचा कसा? तेव्हा व्हर्लिन उठला, पोटावरून घसरलेली पँट त्यानं वर ओढली आणि म्हणाला, "जो मालकाच्या शब्दावर शोधतो, हुडकून काढतो आणि परत आणून देतो, तो शिकारीचा. बाकी सगळी सोफ्यावरची भरताड." भरताड सोडून बाकीचं वाक्य जसंच्या तसं पाटीवर चढलं.

आता गंमत अशी की सोफ्यावरची भरताड व्हर्लिनच्याच घरात होती. नाव रेंजर. काळाभोर लॅब्रेडोर, छाती अशी की बघत राहावं, आणि घराणं इतकं मोठं की बापजाद्यांची नावं वाचायला घेतली तर हातातली कॉफी गार व्हावी. फक्त बंदुकीचा बार ऐकला की हा गडी पळायचा. पहिल्या हंगामात पहिल्याच बाराला तो जो पिकअपखाली शिरला, तो दुपारच्या जेवणापर्यंत बाहेर आला नाही. व्हर्लिन चिखलात पालथा पडून त्याला सॉसेजचे तुकडे दाखवत होता.

ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, व्हर्लिनला आणि त्याच्या बायकोला, मार्लिसला. व्हर्लिनला स्वतःबद्दल फारसे गैरसमज नव्हते, जे होते ते सगळे कुत्र्याबद्दल होते. एवढ्या घराण्याचा कुत्रा भित्रा आहे हे सरळ सांगून मोकळं व्हावं की नाही? पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. त्यानं काय करावं? दर हंगामात नारिंगी जाकीट चढवावं, रिकामी बंदूक खांद्याला अडकवावी आणि रानाचा असा कोपरा गाठावा की जिथे कुणीच फिरकत नाही. तिथे रेंजर मजेत बागडायचा. त्याच्या नाकासमोरून शिकारीचे फेझंट पक्षी उडायचे आणि व्हर्लिन त्यांना लग्नाच्या वऱ्हाडाला निरोप द्यावा तसा बघत राहायचा. मग कॅफेत येऊन सांगायचं, "हुकला."

एके काळी तालुक्यात त्याच्यासारखा नेमबाज नव्हता. आता सगळे त्याची टर उडवायचे. तरी ते त्याला चालत होतं. माझा नेम गेला म्हणा, डोळे गेले म्हणा, पण माझा कुत्रा भित्रा म्हणू नका. मार्लिस एकदा म्हणाली, "तू नटूनथटून कुत्रा फिरवायला जातोस, दुसरं काय. ती लोरेटा बिचारी निदान बंदूक तरी वाहत नाही."

लोरेटा क्विम्बी म्हणजे शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि सपाट चालायला गावात पूर्वेच्या पायवाटेसारखी दुसरी जागा नाही. तिच्याकडे मफिन नावाची डॅशहुंड कुत्री, लांबीनं पावासारखी, उंचीनं बुटाएवढी. एकदा ती बेडकामागे पळाली, एकदा साखळी हातातून निसटली. दोन्ही वेळा तक्रार गेली, आणि दोन्ही तक्रारी कुणी केल्या हे वेगळं सांगायला नको. नियम म्हणजे नियम.

यंदा हंगामाच्या पहिल्या सकाळी कॅफेत नॉर्बर्टनं त्याला गाठला. नॉर्बर्ट शाळेपासूनचा दोस्त, जीभ करवतीसारखी. बरोबर लाइल होता, तो दिवसातून चार वाक्यं बोलायचा आणि त्यातलं एक जेवण मागवायला खर्च व्हायचं.

"यंदा तू एकटा जायचा नाहीस," नॉर्बर्ट अंड्यावर केचप ओतत म्हणाला. "तिघं एका ओळीत चालू. तुझ्या राजपुत्राचं काम बघू तरी."

"त्याला गर्दी आवडत नाही."

"आम्ही दोघं म्हणजे गर्दी?"

"नाही, पण त्याला सवय नाही."

"लेका, तुझ्या हातून एक पीस पडलेलं बघून तीन वर्षं झाली. चल आमच्याबरोबर, नेम कसा धरायचा तेही शिकवतो."

पाठ धरलीय म्हणावं, तर आत्ताच यांच्यादेखत त्यानं दोन हातांनी पॅनकेकांची थाळी साफ केली होती आणि त्याआधी नॉर्बर्टच्या ट्रकमधून जनरेटर उतरवला होता. निघावं लागलं. पिकअपमध्ये रेंजर त्याच्या मांडीवर डोकं ठेवून बसला होता आणि अंगभर बारीक थरथरत होता. व्हर्लिन त्याला म्हणाला, "थंडी आहे आज." कुत्र्याशीसुद्धा थाप.

गवतात पाचपन्नास पावलं झाली असतील नसतील, एक फेझंट फडफडत उठला आणि नॉर्बर्टनं बार टाकला. पक्षी पडला. व्हर्लिननं वळून बघितलं, तर रेंजर होता तिथे नुसतं हलणारं गवत.

"कुठे गेला रे तो?" नॉर्बर्टनं विचारलं.

"जखमी पक्ष्यामागे," व्हर्लिन म्हणाला. थाप इतकी सफाईनं निघाली की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"पक्षी तर हा इथे आहे," लाइल पक्षी उचलून म्हणाला. दिवसातलं दुसरं वाक्य, आणि तेही असं अडचणीचं.

"दुसरा होता. तुम्हाला दिसला नाही, त्याला दिसला."

नॉर्बर्टनं टोपी मागे सारली. "नाक आहे की काय आहे बाबा. मानलं." दोघं पुढे गेले. मी त्याची वाट बघतो म्हणून व्हर्लिन मागे थांबला.

रानाच्या पूर्वेला काउंटीचा रस्ता, आणि मक्याची कापणी जोरात चाललेली. धान्याचे ट्रक एकामागून एक धडधडत जात होते. रेंजर घाबरला की समोर काय आहे बघत नाही. अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? गळा फुटेस्तोवर हाका माराव्यात. पण चांगल्या शिकारी कुत्र्याला हाका माराव्या लागत नाहीत, हे व्हर्लिननंच समितीत सगळ्यांना ऐकवलेलं. तेव्हा हा पठ्ठ्या पाणकणसांमधून वाकून वाकून चालला आणि कुजबुजत राहिला, "रेंजर, ए बाळा, रेंजर." कुत्र्याचा जीव धोक्यात आहे आणि हा अब्रू सांभाळत कुजबुजतोय.

तेवढ्यात रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला, लांबलचक. मग मात्र अब्रू गेली खड्ड्यात. व्हर्लिन बोंब मारत रस्त्याकडे धावला. वय झालेलं, पायात गुडघ्याएवढे रबरी बूट, त्यामुळे धावला म्हणजे काय, पडत राहिला आणि मधूनमधून उठला.

रस्त्याच्या कडेला, पायवाट संपते तिथे, लोरेटा मफिनला घेऊन उभी होती. डोक्यावर नारिंगी टोपी, मफिनची साखळी मनगटाला दोन वेढे देऊन.

"माझा कुत्रा बघितलात?" व्हर्लिननं धापा टाकत विचारलं.

"शिकारीचा आहे ना तुमचा? तो कुठेही फिरू शकतो. पाटीवर लिहिलंय."

"तो घाबरलाय हो. बंदुकीला घाबरतो. पहिल्यापासून."

बोलून गेला. तीन वर्षं दाताखाली धरलेली गोष्ट या बाईपुढे, जिच्याविरुद्ध दोन तक्रारी केल्या तिच्यापुढे, अशी सांडली. आता ती हसणार, आणि हसायचा तिला हक्कच आहे, असं त्याला वाटलं. लोरेटानं रस्त्याकडे बघितलं. "ट्रक फार आहेत आज," ती म्हणाली, आणि दुखरा गुडघा सांभाळत वाकून तिनं मफिनची साखळी सोडली.

"अहो, ही तिसरी वेळ होईल."

"मोजायचं काम तुमचं. मफिन, शोध बघू त्याला. जा, घेऊन ये."

मफिन पोट घासत गवतात शिरली. थोड्या वेळानं रस्त्याखालच्या सिमेंटच्या पाइपाशी ती भुंकायला लागली. व्हर्लिननं वाकून आत बघितलं. मधोमध काळोखात दोन डोळे चमकत होते. "रेंजर, ये." रेंजर आणखी मागे सरकला. तसाच मागे सरकत राहिला असता तर पलीकडच्या तोंडातून थेट रस्त्यावर निघाला असता.

"आधी ती बंदूक खाली ठेवा," लोरेटा म्हणाली.

व्हर्लिनला हातातल्या बंदुकीचं भानच नव्हतं. त्यानं ती गवतात ठेवली, पण रेंजर हलेना. मग मफिन आत गेली. बिळात शिरायचं काम तिच्या रक्तातलं, तिला कुणी शिकवायला नको. आतून भुंकणं ऐकू आलं, मग गुरगुरणं, मग काहीच नाही. व्हर्लिन पाइपाच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसून देवाला कबूल करत होता की यापुढे मी कुठल्याही समितीत बसणार नाही. शेवटी मफिनचं बूड दिसलं. ती उलटी चालत येत होती, दातांत रेंजरच्या गळपट्ट्याचं टोक धरून, आणि तिच्यामागे तो धिप्पाड घराणेदार लॅब्रेडोर सरपटत येत होता. व्हर्लिननं त्याला मिठी मारली आणि तो रडला. थोडंसंच रडला, पण रडला.

"ही कुत्री मोकळी कुणी सोडली?"

वर रस्त्यावर वन्यजीव खात्याची वॉर्डन उभी होती, मिकेला ब्रँट. व्हर्लिनची बोंब ऐकून ती आली होती आणि तिच्यामागे नॉर्बर्ट आणि लाइलही. लहानपणी मिकेला लोरेटाच्याच बसमधून शाळेत गेलेली. मफिनला मोकळी बघून तिचा चेहरा उतरला.

"लोरेटा, ही तिसरी वेळ. माझा नाइलाज आहे. वर्षभर बंदी."

"माहीत आहे गं," लोरेटा म्हणाली आणि साखळी घेऊन वाकायला लागली.

"आणि रेंजर शिकारीचा, म्हणजे तुमचा काही प्रश्न नाही," मिकेला व्हर्लिनला म्हणाली.

"शिकारीचा म्हणजे काय," नॉर्बर्ट मोठ्या अभिमानानं म्हणाला, "जखमी पक्ष्याचा माग काढत पार पाइपात शिरलाय पोरगा."

ताट वाढून समोर ठेवलेलं. व्हर्लिननं फक्त मान हलवायची होती, आणि मान हलवण्यात तर त्याचा तीन वर्षांचा सराव. पण मान हलेना.

"मिकेला, पाटीवर काय लिहिलंय? शिकारीचा कुत्रा कोणता?"

"मालकाच्या शब्दावर शोधतो, हुडकून काढतो आणि परत आणून देतो तो."

"लोरेटानं शब्द टाकला. हिनं शोधलं, हुडकलं आणि परत आणून दिलं. ही शिकारीची कुत्री आहे. मोकळं फिरायचा तिला हक्क आहे."

"आणि शिकार कुठाय?"

व्हर्लिननं रेंजरच्या पाठीवर हात ठेवला. "ही काय. हा घरगुती कुत्रा आहे, आणि साखळीशिवाय फिरत होता. चिठ्ठी माझ्या नावानं फाड."

मिकेलानं खिशातून चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं. "कशाची शिकार, ते पाटीवर नाहीच लिहिलेलं," ती म्हणाली. "समितीच्या लक्षात कसं आलं नाही?"

"समितीत गाढवं बसली होती," व्हर्लिन म्हणाला.

तिनं त्याच्या नावाची दंडाची चिठ्ठी लिहायला घेतली. नॉर्बर्ट हळूहळू उताराखाली आला. "म्हणजे तो जखमी पक्षी?"

"नव्हता."

"आणि तीन वर्षं हुकतोयस ते?"

व्हर्लिननं बंदुकीकडे बोट दाखवलं. नॉर्बर्टनं गवतातली बंदूक उचलली, उघडली, आत बघितलं आणि लाइलला दाखवली. लाइल जो कधी हसत नाही, तो आधी फिस्कन हसला. मग नॉर्बर्ट पोट धरून चिखलातच बसला. लोरेटानं टोपी तोंडावर ओढली. मिकेलानं पाठ फिरवली, पण खांदे हलताना दिसत होते. व्हर्लिन तीन वर्षं ज्या हसण्याला भीत होता ते हेच. अंदाज अगदी बरोबर होता त्याचा, रतीभरही कमी नव्हतं.

रेंजरनं मान वर करून त्या गोंगाटाकडे बघितलं, जांभई दिली आणि डोकं व्हर्लिनच्या मांडीवर ठेवलं. हसण्याला तो मुळीच घाबरला नाही. बाराला घाबरायचा, तरी दर हंगामात व्हर्लिननं हाक मारली की थरथरत का होईना पिकअपमध्ये चढायचा. आपल्याला मात्र एवढं एक हसू झेलता आलं नाही, आणि त्यापायी आपण त्याला वर्षानुवर्षं इथे ओढत आणलं. व्हर्लिनला स्वतःची लाज वाटली. "चुकलं रे माझं," तो त्याच्या कानात म्हणाला. रेंजरनं त्याच्या गालावरचा चिखल चाटला.

लोरेटानं मफिनची साखळी त्याच्यापुढे धरली. गुलाबी, वर पांढरी फुलं. "घ्या. आमच्या हिला आता लागत नाही."

त्यानं ती घेतली आणि रेंजरच्या गळपट्ट्याला अडकवली. गाड्यांपाशी गावातले झाडून सगळे शिकारी जमले होते. त्यांच्यामधून रेंजर शेपूट वर करून चालला, आणि गुलाबी साखळी धरून व्हर्लिन त्याच्यामागे.