चालून आलेलं स्थळ

राजकुमारीबाईंना नवऱ्याच्या एका शब्दाचा वीट आला होता, आणि तोच शब्द घरात दिवसभर ऐकू यायचा. पंखा कण्हत फिरतो, दुरुस्तीला न्या म्हटलं की पुरनलाल पटले म्हणायचे, "चालते." भाजीत मीठ विसरलं तरी चालते. धाकट्या भावाने भातशेतीच्या वाटणीत तळ्याखालची पाण्याची बांधी मागितली, तेव्हाही हा गृहस्थ बायकोकडे न बघता "चालते" म्हणाला आणि वरच्या खडकाळ बांध्या घेऊन घरी आला. घर चालवायचं राजकुमारीबाईंनी, दुकानदारापुढे जीभ चालवायची त्यांनीच, आणि ठरवायची वेळ आली की त्यांचंच काही चालायचं नाही. तोवर नवरा आपला शब्द टाकून मोकळा झालेला असायचा.

खरं दुखणं जुनं होतं. नवऱ्याच्या तोंडून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेला शब्द हाच. माहेरच्या अंगणात पाहुणे बसले होते आणि पुरनलालच्या मामाने मुलीला भरला गडवा, पाण्याचा तांब्या, हातात धरून चालायला लावलं होतं. पाणी सांडलं नाही पाहिजे, अशी पूर्वीपासून चालत आलेली रीत. नव्या साडीत पाय अडकला, पाणी सांडलं, मामा म्हणाला पुन्हा. दुसऱ्यांदाही सांडलं. मग मामाने भाच्याला विचारलं, कशी वाटते? भाच्याने मान खाली घालून सांगितलं, "चालते." पसंत आहे असं नाही, चांगली आहे असं नाही. बाजारात बैल फिरवून पाहावा आणि म्हणावं, तसं. ह्या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण राजकुमारीबाईंच्या मनात तो गडवा अजून सांडतच होता.

आणि आता नीतूला बघायला येणार होते.

नीतू त्यांची एकुलती एक. वनरक्षकाच्या भरतीत पळण्याची परीक्षा झाली, वर अर्धा दिवस उन्हातून चालण्याची झाली, त्यात पोरगी पोरांच्या बरोबरीने टिकली आणि चिचगडकडच्या जंगलात रुजू झाली. मोहफुलं पडायचे दिवस म्हणजे वणव्याचे दिवस. वेचणारे पाचोळा जाळतात, आग पसरते, म्हणून नीतू पहाटेपासून तिला नेमून दिलेल्या जंगलाच्या बीटात पायी फिरत होती. नव्या बुटांनी टाच सोलली होती. देवरीहून एसटीने घरी आली तीच टाचेला पट्टी बांधून, लंगडत.

स्थळ आपणहून चालून आलं होतं. मुलगा टिकेश, घरची भाताची गिरणी, गोंदियात बस्तान. निरोप आला तेव्हा पुरनलाल काय म्हणाले असतील ते सांगायला नको. राजकुमारीबाईंची झोप उडाली. ते लोक म्हणतील, लग्नानंतर नोकरी सोडा, आणि हा माणूस म्हणेल, चालते. त्यांनी सकाळीच नवऱ्याला गाठलं. ज्या घरी नीतू मनापासून हवी म्हणतील त्याच घरी तिला द्यायचं, आणि आज तो शब्द तोंडातून काढायचा नाही, असं बजावलं.

"चालते," पुरनलाल म्हणाले.

राजकुमारीबाईंनी कपाळावर हात मारला आणि उडदाच्या वड्यांचं पीठ इतक्या जोराने फेटलं की वडे त्या दिवशी कापसासारखे झाले.

दुपारी पाहुणे आले. गल्ली अरुंद, म्हणून त्यांनी मोठी गाडी पार पलीकडे चिंचेखाली उभी केली. टिकेश, त्याची आई आणि मामा टेकचंद. मामाच सगळं बोलत होता, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. नोकरीचा विषय त्यानेच काढला. राजकुमारीबाई कंबर कसून बसल्या, तर मामा म्हणाला, नोकरी राहू द्या, सरकारी पगार कोणाला नको? बदली तेवढी गोंदियाकडे करून घेऊ, आपली ओळख आहे. भांडायला आणलेली सगळी शस्त्रं तशीच पदराखाली राहिली. आता नाही म्हणायला कारण उरलं नाही, याचाच त्यांना जास्त राग आला.

मग मामाने वडा तोंडात टाकत म्हटलं, "बेटा, जरा चालून दाखव बरं."

नीतूने आईकडे पाहिलं. राजकुमारीबाई वड्यांचा ट्रे घेऊन उभ्याच राहिल्या. आजही? पोरगी जंगलात एकटी फिरते, लाकूडतस्कराच्या ट्रॅक्टरपुढे उभी राहते, आणि तिने अंगणात चालून दाखवायचं? पण मुलीची आई उलट बोलली तर चार गावांत बोभाटा. त्या गप्प बसल्या, आणि गप्प बसल्याची त्यांना स्वतःचीच चीड आली.

नीतू तुळशीपर्यंत गेली आणि परत आली. टाच टेकवताना तिचा पाय किंचित आखडला.

मामाने विचारलं, पायात कुछ है क्या? नीतूने सरळ सांगितलं, नवे बूट चावले, टाच सोलली आहे. मामा हसला. असं सगळेच सांगतात म्हणाला. एक बार और. नीतू पुन्हा चालली, या वेळी दात आवळून, म्हणून जास्तच लंगडली. टिकेशच्या आईने मामाच्या कानात काहीतरी सांगितलं. मामाने भाच्याला कोपराने ढोसलं, तुला कसं वाटते?

टिकेशची नजर मोबाईलवर होती. "चालते ना," तो म्हणाला.

राजकुमारीबाईंना वाटलं, कोणीतरी आपल्याच माहेरच्या अंगणात आपल्याला परत नेऊन उभं केलं आहे. मामाचं समाधान तरी कुठे झालं होतं. आता ती पायाची पट्टी काढून एकदा चालू दे, म्हणजे मनात शंका राहणार नाही, असं तो म्हणाला आणि पुरनलालकडे वळला. सगळेच वळले. राजकुमारीबाईंनी डोळे मिटले. आता येतोच तो शब्द.

पण शब्द आला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पुरनलाल उठले होते. त्यांनी आपली खुर्ची नीतूच्या मागे नेऊन ठेवली.

"नीतू, तू बस," ते म्हणाले. मग पाहुण्याला चहा विचारावा तितक्याच हळू आवाजात म्हणाले, "टिकेशबाबू, आता तुमी चालून दाखवा."

टिकेशने पहिल्यांदा मान वर केली.

"तुळशीपर्यंत जा अन् वापस या. मोबाईल ठेवून."

मामाचा वडा घशातच राहिला. मुलाला चालायला लावतात का कुठे, अशी रीत नाही, तो म्हणाला.

"रीत नाही त राहू द्या," पुरनलाल म्हणाले. "मंग आमची पोरगीबी आता उठत नाही."

टिकेशच्या आईने पर्स उचलली, मामाने रुमाल झटकला, आणि तिघं रागारागाने गल्लीतून गाडीकडे निघाले. पुरनलाल दारात उभे राहून त्यांना शेवटपर्यंत न्याहाळत होते.

"चालतात त बरोबर," ते म्हणाले. नीतूने हसू दाबण्यासाठी तोंडात ओढणी धरली.

राजकुमारीबाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांना संताप आला. एवढी धमक होती तर इतकी वर्षं कुठे ठेवली होती? बांधी गेली तेव्हा कुठे होती? आणि त्या दिवशी, भरल्या गडव्यापाशी? त्यांनी सगळं बोलून दाखवलं, माहेरच्या अंगणातल्या त्या शब्दासकट. पुरनलाल बाजेवर बसून ऐकत राहिले.

"मामा तुले तिसऱ्यांदा चालाले लावत होता," ते शेवटी म्हणाले. "तुह्या डोळ्यात पाणी आलं होतं. मी चालते म्हटलं, म्हणजे तुले बसवतील."

राजकुमारीबाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मंग हे आजपर्यंत काऊन नाही सांगितलं?"

"तू पुसलं नाही."

"पसंत आहे म्हणता नाही आलं?"

"मामासमोर लाज वाटली."

ह्या माणसाला काय करावं? पंचवीस वर्षं जपलेला राग एका वाक्यात निकामी झाला होता, आणि त्याचाही त्यांना रागच आला. तेव्हाच सांगितलं असतं तर किती भांडणं वाचली असती, किती दिवस सुखाचे गेले असते. रडावं की ट्रे भिरकावावा ते कळेना. त्या तशाच त्यांच्या शेजारी बाजेवर बसल्या.

वडे गार झाले होते. पुरनलालनी एक उचलून तोंडात टाकला. राजकुमारीबाई वाट पाहत राहिल्या. आता म्हणेल, नेहमीसारखं.

पुरनलालनी बायकोकडे पाहिलं, सावकाश घास गिळला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

"आता सुचलं," राजकुमारीबाई म्हणाल्या आणि डोळे पुसत मीठ आणायला उठल्या.