शेवटचं पाणी

प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुण्याचं काम मी बावीस वर्षं केलं. अक्षरं पन्नाशीनंतर शिकले, तीही बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत.

आमच्याकडे संशोधन करणाऱ्या एका मुलीला सगळे चिमणी म्हणत. अंगाने बारीक, बडबड मात्र भरपूर. ती ज्यांचा अभ्यास करायची ते जीव एकाच पेशीचे, देठावर उलटी घंटा बसवावी तसे. जरा धक्का लागला की देठाची गुंडाळी! पापणी लवायला वेळ लागेल, त्याला नाही.

"एवढी चपळाई येते कुठून गं?" मी एकदा विचारलं.

"देठात धागा असतो, मावशी. त्यातली प्रथिनं एकमेकांना ढकलत ताठ राहतात. कॅल्शियम त्यांना चिकटलं की ढकलाढकली संपते नि धागा आकसतो. त्या क्षणी इंधनसुद्धा लागत नाही. जीव मेला, तरी देठाला कॅल्शियम दिलं की आकसतो."

"मेल्यावरही सुटका नाही म्हणजे."

हेच ती परीक्षेच्या दिवशी अकरा वाजता परीक्षकांना दाखवणार होती. मेलेले देठ, त्यावर कॅल्शियमचा मोजून एक थेंब. पण आदल्या दुपारी देठ हलेचनात. थेंब टाकला, काही नाही. नवे देठ घेतले, तरी काही नाही. तिसऱ्या वेळी ती सूक्ष्मदर्शकावरून उठली ती थेट माझ्या मोरीपाशी.

"चार वर्षं पाण्यात गेली, मावशी."

पाणी म्हणाली आणि मला कालचं धुणं आठवलं. आमच्या नळाच्या पाण्याने काचांवर पांढरे डाग धरतात. परीक्षक येणार म्हणून काल मी देठ ठेवायच्या सगळ्या काचा डाग काढायच्या द्रावणात बुडवल्या होत्या. एरवी त्यानंतर तीनदा शुद्ध पाण्यातून काढते. काल नाही काढल्या. चमक जाईल असं वाटलं, म्हणून द्रावणातून काढून तशाच वाळवल्या.

बोलू की नको? चूक कोणाच्या लक्षात आली नसती. पण पोरीचं तोंड बघवेना. मी द्रावणाची बाटली तिच्यापुढे धरली आणि सगळं सांगून टाकलं.

तिने चिठ्ठी वाचली. मला वाटलं, आता ओरडणार.

"मावशी! हे द्रावण कॅल्शियम धरूनच ठेवतं. म्हणून तर डाग जातात! माझा थेंब देठापर्यंत पोचलाच नाही. हे गिळून बसलं."

"म्हणजे तुझं शास्त्र बरोबर?"

"शास्त्र बरोबर, मावशी चूक."

"तेवढं चालेल," मी म्हटलं.

मग दोघींनी बाह्या सावरल्या. मी धुवायची, ती शुद्ध पाण्यातून काढायची, मोठ्याने मोजत. एक, दोन, तीन. मी मधेच "झालं गं" म्हटलं, तर म्हणाली, "तुमच्यावर आज विश्वास नाही," आणि चौथ्यांदा काढली.

सहाच्या सुमारास तिने देठ मांडले, थेंब सोडला आणि भिंगाला डोळा लावला. माझे हात ओलेच होते, पुसायचं सुचलं नाही.

"मावशी, या. या लवकर!"

तिने नवा देठ मांडला. मी डोळा लावला. ताठ, पातळ रेघ होती. तिने थेंब सोडला आणि रेघ गेली, तिच्या जागी गुंडाळी. कशी झाली, ते दिसलंच नाही.

मागे हात घालून मी स्टूल शोधलं आणि बसले.