पत्रिकेवरचा शब्द

कोडोलीच्या निशा कांबळेनं २००२ साली आपल्या आत्यावर चाळीस मिनिटांची फिल्म केली. शेवंताआत्या विहिरीवरच्या जळलेल्या मोटरी नवी तार गुंडाळून भरून द्यायची. नवऱ्याच्या माघारी तिनं त्याचं दुकान बंद पडू दिलं नव्हतं. निशा लग्नांचं शूटिंग करायची, तोच कॅमेरा घेऊन ती सहा महिने आत्याच्या मागं फिरली.

पुण्यात फिल्म दाखवली तेव्हा कुणीतरी विचारलं, "तुम्ही स्त्रीवादी आहात का?"

"छे, मी नुसती दिग्दर्शक," निशा घाईनं म्हणाली. हा शिक्का बसला तर लग्नाची कामं कोण देणार, एवढंच तिच्या डोक्यात आलं होतं. पण ते 'छे' तिला पुढं कितीतरी दिवस बोचत राहिलं.

मग कोल्हापुरात खेळ ठरला. पत्रिकेवर छापलं होतं, 'स्त्रीवादी दिग्दर्शिका निशा कांबळे'. निशा पत्रिका घेऊन तडक आत्याच्या दुकानात गेली.

"त्यांना हा शब्द काढायला सांगणार आहे मी."

"म्हंजे काय गं ह्ये?" आत्यानं तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता विचारलं.

"बाईला पुरुषाच्या बरोबरीनं हक्क पाहिजेत, असं मानणारी."

"मग खोटं काय छापलंय?"

"लोक घरं मोडणारी समजतात, आत्या."

आत्यानं हातातली तार खाली ठेवली. "जयभीम म्हटलं की गावात लोकं तोंड फिरवायची. तुझ्या आज्ज्यानं म्हणायचं सोडलं व्हतं काय?"

मग निशानं तो शब्द राहू दिला. पत्रिका तशीच वाटली गेली.

रविवारी सकाळी सभागृह भरलं. आत्या नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती आणि पडद्यावर स्वतःला बघून पदरात तोंड लपवून हसत होती. फिल्म संपल्यावर तोच प्रश्न आला.

"हो, आहे," निशा म्हणाली. "पुण्यात नाही म्हटलं होतं. ते भिऊन म्हटलं."

फिल्म बघून बाहेर आलेले विजयसिंह पाटील वाट बघत उभे होते. त्यांच्या मुलीचं, तेजस्वीचं, लग्न पुढच्या महिन्यात होतं आणि शूटिंगचं काम निशाकडं होतं. आता हे काम जाणार, असं धरूनच ती पुढं झाली.

पाटील मात्र आत्याकडं वळले. "आमच्या मळ्यातली मोटर धा वर्सं तुमच्याकडंच येतीया. गडी आणून टाकतोय. मला वाटायचं, तुमचं मालकच भरत्यात."

"त्यास्नी जाऊन बारा वर्सं झाली की पाटील!"

पाटील ओशाळले. "चुकलंच. पुढच्या बारीला मी सोता घिऊन येतो."

"या की. च्या पाजते."

जाता जाता ते निशाला म्हणाले, "आणि शूटिंगला येळंवर या हं. तेजस्वी म्हणतीया, फिल्ममदल्या आत्यावानी तिची मुलाखत घेतली तर ती बी बोलणार हाय."

निशा खुशीत हसली. तेजस्वीला काय काय विचारायचं, ते ती कोडोलीच्या एसटीत बसल्या बसल्या आत्याला सांगायला लागली.