पाखऱ्या-हौश्याच्या बदल्यात होडी

पयलं एक सांगून ठिवते. आमची होडी बुडाली न्हवती, मी बुडवली हुती. माझ्या हातानं, दगडं भरून. आजूनबी बाजारात कुनी म्हनतं, "राहीबाईची होडी पयल्याच दिशी बुडाली," तवा माझं टाळकं फिरतं. काय ठावं हाय रं तुमाला?

मुळा नदीवर धरन झालं आन् आमचं सात एकर काळं रान पान्याखाली गेलं. इहीर गेली, गोठा गेला, बांधावरच्या बाभळी गेल्या. आमी वरच्या माळावर आलो. तितं धड कुसळंबी उगवत न्हवती. मंग माझे मालक सहादेव आन् मी आप्पासाहेबाच्या होडीवर रोजानं जाळी टाकायला लागलो. आप्पासाहेब म्हंजे धरनातल्या मासळीचा ठेकेदार. जाळं त्याचं, वल्ह्याची होडी त्याची, मासा त्याचा. आमचं काय, तर निस्तं कंबरडं. त्यात मालक पान्याला लई भ्यायचे. होडीत बसले की एका हातानं काठ धरून ठिवायचे, म्हनून जाळं मीच वढायची. दोन वर्सं वढलं. रोहू कुठं फिरतो, कटला कुठं बसतो, समदं मला पाठ झालं. व्हईल न्हाई तर काय? ज्या बाभळीत ते लपत हुते त्या माझ्या सासऱ्यानं लावलेल्या हुत्या.

चौऱ्याहत्तर सालची संक्रांत झाली आन् चावडीवर नोटीस लागली. ज्यांचं रान धरनात गेलं त्यांना मासं धरायचा सोताचा परवाना मिळनार. अट एकच. सोताची होडी पायजे, आन् ती फेब्रुवारीच्या पयल्या सोमवारी मासेखात्याच्या साहेबापुढं पान्यावर चालवून दावायची. न्हाई दावली तर आमच्या बाजूचं पानी पाच वर्सं ठेकेदाराकडंच.

आप्पासाहेब चावडीपुढं पोट धरून हसला. "घ्या की परवाना! होडी कुठून आनताल? आन् कुनब्यानं मासं धरायचं म्हनल्यावर आमी काय नांगर धरायचा?"

मी म्हनलं, "धरा की. तुमच्याबी हाताला जरा घट्टे पडू द्या."

मालक माझ्या मागून खुणा करत हुते, गप बस म्हनून. त्यानं तर मला आनखीच चेव आला.

राहुरीत रंगनाथ भंगारवाला हाय. धरनाचं काम चालू हुतं तवा कोकनातला एक नाखवा आपली इंजिनाची होडी ट्रकात घालून हिकडं आला हुता. साहेब लोकांना मोजमापाला फिरवायचा आन् उरल्या येळात मासं धरायचा. काम सपलं तसा तो होडी रंगनाथाला इकून गावी गेला. दोन वर्सं ती पत्र्याच्या छपरात उपडी पडून हुती, कोरडी ठाक. मागं टांगायचं इंजिन पोत्यात गुंडाळून ठिवलेलं.

गाडी जुपून आमी दोघं गेलो. मला होडीतलं काय कळतंय? बैल घ्यायला गेल्यावर मानूस जे करतं तेच केलं. चारी बाजूनं फिरले, पाठीवर थाप मारली, कुठं जखम हाय का बघितलं. लाकूड वाजवलं. टनक. कीड न्हाई.

रंगनाथ म्हनला, "दात बघायचे राहिले, वैनी."

"तुमचं इंजिन काढा, रंगनाथभाऊ. त्याचे बघते."

त्यानं पान्यानं भरलेल्या पिंपात इंजिनाचा पाय सोडला आन् दोरी वढली. तिसऱ्या हिसड्याला ते असं धडाडलं की पिंपातलं पानी समद्यांच्या अंगावर. मालक चार पावलं मागं सरले. मला मातुर ते लई आवडलं, खरंच. दोन वर्सं अडगळीत पडून बी त्याचा आवाज बसला न्हवता.

भाव करायची येळ आली. आमच्याकडं बैलबाजारात भाव कपड्याखाली करत्यात, बोटं धरून, भवतालच्यांना कळू नये म्हनून. ते बाप्यांचं काम. मालकांनी खांद्यावरचं उपरनं काढलं, पन त्यांचा हात थरथरत हुता. थरथरत्या हाताला कोन भाव देतंय? मी उपरनं त्यांच्या हातातनं घेतलं, रंगनाथाच्या हातावर टाकलं आन् खाली माझा हात घातला.

दुकानात चार गिऱ्हाइकं हुती. हातातलं सामान टाकून चौघंबी बघाय लागली.

"अवो वैनी, हे काय!"

"भाव करायचा का न्हाई?"

लाजून लाल झाला बिचारा, पन बोटं दाबली. लई दाबली. तेवढा पैसा आमच्याकडं सात जल्मात झाला नसता. मी उपरनं झटकून मालकांच्या खांद्यावर ठिवलं आन् म्हनलं, "पैसा न्हाई. भाईर गाडीला जुपलंय ते हाय."

पाखऱ्या आन् हौश्या. सहादाती, ऐन उमेदीतली जोडी. दुष्काळात गावंच्या गावं बैलं इकत हुती तवा मी उसाचं वाढं डोक्यावर वाहून ही दोन जित्राबं जगवली. माझ्या ताटातली भाकर मी हौश्याला घातलीया. आता दुष्काळ सरला, पाऊस झाला, आन् जो तो बैल हुडकत फिरत हुता. रंगनाथाचंबी रान हुतं वांबोरीकडं. तो आल्यापासून गाडीकडंच बघत हुता, मला काय दिसत न्हवतं व्हय?

मालक म्हनले, "राहे, बैलं नगं गं."

"अवो, रान न्हाई त्या बैलानं खुट्ट्याला उभं राहून करायचं काय? आन् मी तरी किती दिस उभी राहू?" मला रडू येत हुतं, म्हनून मी वरडून बोलले.

ठरलं. त्याच बैलांनी होडी धरनावर वढून न्यायची आन् मंग बैलं रंगनाथाची. दिसभर चालली बिचारी. आपल्या बदल्यातलं वझं आपनच वढत चालली, त्यांना काय म्हाईत. काठावर होडी उतरवली आन् रंगनाथाचा गडी कासरा धरून त्यांना घेऊन गेला. मालक म्हनले, हौश्यानं दोनदा मागं वळून बघितलं. मी बघितलंच न्हाई. बघितलं असतं तर होडी तितल्या तितं परत दिली असती.

दुसऱ्या दिशी मंगळवार. साऱ्या गावापुढं होडी पान्यात सारली. पान खाऊन हुईस्तवर ती अर्धी भरली! तळातनं, कुशीतनं, फळ्याफळ्याच्या मधनं पानी आत. काठ पान्याला टेकला. वर बघ्यांची ही गर्दी. आप्पासाहेब म्हनला, "राहीबाई, बैलं देऊन इहीर घेतली व्हय?" हसून हसून लोकांनी गुडघे धरले.

मालक खाली मातीत बसले. "बैलं गेली गं. समदं गेलं."

मला रागच आला. रंगनाथाचा, नाखव्याचा, आप्पासाहेबाचा, आन् जास्ती माझा सोताचा. अगं भवाने, पाठीवर थाप मारलीस, लाकूड वाजवलंस, आन् पान्यात घालून बघायचं सुचलं न्हाई? तशीच लुगडं खोचून कमरंएवढ्या पान्यात शिरले आन् फळीवर हात फिरवला. दोन फळ्यांच्या मधल्या फटीत नख शिरलं. लाकूड चांगलं, निस्ती फट. दुसरीकडं बघितलं, तितंबी तसंच. मी तिथनंच वरडले.

"अवो, उन्हाळ्यात गाडीचं चाक वाळतं, आरे हालत्यात, लोखंडाची धाव ढिली पडती. तवा आपन काय करतो?"

"वढ्यात टाकतो," मालक मान खाली घालूनच म्हनले.

"किती दिस?"

"फुगंस्तवर." तोंडातनं शब्द निघाला आन् ते ताडकन उठून उभे राहिले.

आप्पासाहेबाची मानसं दोर घेऊन आली. दया आली हुती म्हनं. "वर काढू का?"

"हात लावायचा न्हाई! दगडं आना, दगडं!"

कुनी आनली न्हाईत. मी आन् मालकांनी आनली. भरभरून टाकली आन् होडी पार तळाला घातली. वर निस्तं नाक दिसत हुतं तिचं. बैलाच्या दुक्खानं बाईचं डोकं फिरलं, असं गावभर झालं. झालं तर झालं!

रोज सकाळी मी पान्यात शिरून फटी चाचपायची. बुधवारी नख शिरत हुतं. शुक्रवारी निस्तं टोक शिरलं. शनवारी मागं काय हालतंय म्हनून बघितलं तर मालक छातीएवढ्या पान्यात उभे. दात वाजत हुते, पन दुसऱ्या बाजूच्या फळ्या चाचपत हुते. मी बघून न बघितल्यावानी केलं. बोलले असते तर पळाले असते.

सोमवारी साहेब आला. आप्पासाहेब त्याच्या आधीच येऊन बसला हुता. "साहेब, ही शेतकरी मानसं. ह्यांना मासेमारीचा परवाना द्यायचा कसा? आन् ह्यांची होडी तर तळाला हाय."

साहेबानं घड्याळ बघितलं. "बाई, होडी कुठं आहे?"

"पान्यात."

"पाण्यात नाही, पाण्यावर पाहिजे."

"तुमी च्या प्या, साहेब. तवर वर येती."

एकेक दगड काढला. घागरीनं पानी उपसलं, मी आन् मालकांनी, दमच घेतला न्हाई. जशी हलकी हुईल तशी ती वर आली. पदरानं तळ पुसला आन् बघत राहिले. तळ कोरडा! साहेबानं सोता वाकून हात फिरवला आन् "वा!" म्हनला.

इंजिन टांगलं. दोरी वढली. न्हाई. पुन्यांदा. न्हाई. पाच झालं, सात झालं. तळहाताचं सालटं निघालं. आप्पासाहेबानं निवांत बिडी शिलगावली. तवा मातुर मी इंजिनालाच म्हनलं, "दोन बैलं दिलीत तुझ्यासाठी, मुडद्या! चल!"

आन् चाललं की ते! धडधडधड!

मी मागं इंजिनाचा दांडा धरला, रंगनाथानं दावला हुता तसा, आन् साहेब मधी बसला. मालक म्होरं बसले, दोन्ही हात मांडीवर. काठ धरला न्हाई त्यांनी. आमी निघालो तशी लाट गेली आन् आप्पासाहेबाची वल्ह्याची होडी काठाला लागली हुती ती गदागदा हालली. ज्या लांबच्या खाडीत त्याच्या मानसांना जायला दुपार व्हायची, तितं आमी साहेबाचा च्या जिरायच्या आत पोचलो.

साहेब म्हनला, "इथं खोल किती आहे?"

"इहिरीवर गेलो तर लई खोल, साहेब. आता आपन गोठ्यावर हावो."

साहेबानं वाकून खाली पान्यात बघितलं. मंग मी होडी माघारी वळवली.

काठावर त्यानं कागद काढला आन् मालकांचं नाव इचारलं. मालक म्हनले, "तिचं लिव्हा. मी निस्ता बसलो हुतो."

"राहीबाई सहादेव. बरं. धंदा?"

आप्पासाहेब मधीच खेकसला, "मासं धरनारी म्हनून लिव्हा! पावन्यारावळ्यांत काय तोंड दावती बघू मंग!"

मी म्हनलं, "शेती लिव्हा."

"बाई, परवाना मासेमारीचा आहे."

"परवाना मासेमारीचाच द्या. धंदा शेतीच लिव्हायचा. आमचं रान कुठं गेलं न्हाई साहेब, हितंच हाय, खाली. सात एकर. त्याच्यावर आता जे पिकतंय ते मी काढनार हाये."

साहेबानं माझ्याकडं बघितलं, मालकांकडं बघितलं, आन् लिव्हलं. खाली शिक्का मारला.

मला वाचाय येत न्हाई. म्हनून तो कागद मी आप्पासाहेबाच्या हातात दिला आन् म्हनलं, "मोठ्यानं वाचा."