धुराचा भाव

सक्करदऱ्याकडच्या विणकरांच्या गल्लीत नत्थूजीच्या शब्दाला वजन होतं, आणि गल्लीचा घात झाला तो त्याच वजनाने. चौऱ्याहत्तर साली ओमप्रकाश सेठने गल्लीच्या तोंडाशी कापड रंगवायचा कारखाना टाकला. त्याच्या भट्टीला दगडी कोळसा. इकडे विणकरांची पाजणी चालायची ती उघड्यावर. उभ्या सुताचा ताणा गल्लीभर ताणायचा, त्याला खळ लावायची आणि कुंच्याने सारखी करायची. ओल्या खळीवर काजळी बसली की मग काही केल्या निघत नाही. पांढरी पातळं राखाडी उतरू लागली.

पोरं दगड घेऊन निघाली होती. नत्थूजीने अडवलं.

"दगडानं धूर फुटते का गा? भाव लावा त्याले. जेवढे ताणे नासतीन तेवढी भरपाई. खिशाले चटका बसला का सेठ आपल्या हातानं भट्टी इझवन."

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे म्हणायला सोपं. नाक कुणाचं दाबलं जातंय, ते आधी बघावं लागतं.

सेठने कुरकुर न करता कबूल केलं, आणि दिवाळीनंतर दुसरी भट्टी बसवली. पैसे टाकले की धूर सोडायला मोकळे! गल्लीही काही कमी नव्हती. नासलेला ताणा चांगल्या पातळापेक्षा जास्त देतो म्हटल्यावर पहाटे उरकायची पाजणी लोक मुद्दाम चिमणी भरात आल्यावर काढू लागले. हातमागाच्या पातळाला तसंही गिऱ्हाईक उरलं नव्हतं. त्यांना तरी काय बोलायचं? नत्थूजीही त्यातलाच, त्याला उगाच सोवळा ठरवू नये.

कुंचा फिरवायचं काम त्याच्या बायकोचं, गोदूबाईचं. आधी तिला खोकला लागला, मग बसल्या जागी धाप. धूर थांबला नाही तर बाई हाती लागायची नाही, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं.

नत्थूजीने गल्ली जमवली. "भरपाई नोको आपल्याले. भट्टी बंद पायजे."

शेजारचा बाबनराव उठला. मागावर बसायला त्याला नत्थूजीनेच शिकवलं होतं. "बंद झाली तर खाऊ काय जी? पोरीचं लगन म्या या धुरावर जमोलं."

बाकीचेही एकेक करून उठून घरी गेले.

घरी गोदूबाईने विचारलं, "काय झालं जी?"

"बंद करतो म्हणते सेठ."

"मंग बरं. मले दम आला का पाजणी पाहाटंच काढत जाऊ."

नत्थूजी तोंड फिरवून रडला. पौषात ती गेली.

तेरवी झाल्यावर सेठ स्वतः आला, हात जोडून. "बहुत बुरा हुआ. ताण्याचा भाव होता, माणसाचा ठरला नव्हता. नत्थूजी, तुम्हीच बोला."

नत्थूजीच्या अंगाची लाही झाली. वाटलं, असा आकडा सांगावा की सेठला भट्टी विझवणंच परवडावं. "माह्या गोदीचा एक पैसा मले नोको. पण याच्यापुढं धुरानं जो मरन, त्याच्या घराले दहा हजार."

त्या गल्लीत एवढी रक्कम कोणी एकत्र पाहिली नव्हती. 

"मंजूर," सेठ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही भट्ट्या नेहमीसारख्या पेटल्या. चिमणी भरात आली तसा बाबनराव घरातून आपल्या दमेकरी आईची खाट ओढत बाहेर घेऊन आला, आणि काजळी जिथे सगळ्यात जास्त पडते तिथे टेकवली.

नत्थूजी धावला. "बाबन, काहून गा? काहून?"

"आत लय कोंदट होते जी तिले," बाबनराव त्याच्याकडे न बघता म्हणाला आणि म्हातारीचं पांघरूण नीट करू लागला.