झाडांच्या जागी

गल्लीत त्याला सगळे धाकटा म्हणत. केस पिकायला लागले, चष्मा लागला, तरी धाकटाच; कारण थोरला अजून खणखणीत होता आणि त्याचा आवाज बंदराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. हा थोरला, म्हणजे दादा, बोटींचे वाकलेले पंखे ठोकून सरळ करायचा. धक्क्यालगतच्या या गल्लीतली शेड वडिलांनी दोघांच्या नावावर ठेवली होती, पण धाकट्याच्या हाताला घण कधी मानवला नाही. त्याला बारीक कामाची आवड. दादानेच पदरमोड करून त्याला शिकवलं आणि तो मॉडेलं बनवणारा झाला. इमारती, पूल, कारखाने, सगळं टेबलावर मावेल एवढं.

मोठी जहाजं आता लांबच्या खोल बंदरात जाऊ लागली होती. इकडे गोदामांना कुलपं लागली, पोरं बाहेरगावी पांगली आणि दादाकडे महिन्याकाठी जेमतेम चार-दोन पंखे येऊ लागले. अशात बंदराचा कायापालट करायचं ठरलं. काचेच्या कचेऱ्या, हॉटेलं, पाण्याकडेने फिरायला रुंद रस्ता, हौशी लोकांच्या बोटींसाठी वेगळा धक्का. त्याचं मॉडेल करायचं काम धाकट्याला मिळालं तेव्हा दादाने गल्लीभर डंका पिटला.

"अख्खं बंदर माझ्या भावाच्या हातात आहे! आणि हौशी लोक म्हणजे तर सोनं. त्यांना बोट चालवता येत नाही. खडकावर घालणार, पंखे वाकवणार आणि आपल्याकडेच येणार."

एका रविवारी जेवताना त्याने विचारलं, "आपली शेड आहे ना रे त्यात?"

"आहे," धाकटा म्हणाला.

आणि ती होती. खोटं नव्हतं ते. उलट सगळ्यात आधी त्याने गल्लीच केली होती. बोटभर लांबीच्या पट्टीवर शेडची रांग, पातळ पत्र्याची छपरं, आणि दादाच्या दाराला खऱ्याखुऱ्या दाराच्या निळ्या रंगाचा निघालेला पोपडा चिकटवलेला. मग एक दिवस मॅडम नवा नकाशा घेऊन आल्या. मॅडम म्हणजे योजनेच्या प्रमुख. आवाज न चढवता काम करून घेणारी बाई. नव्या नकाशात गल्लीवरून हिरवा पट्टा गेला होता.

"इथे झाडं घाला," त्या म्हणाल्या. "आणि प्रदर्शनापर्यंत कुठे बोलू नका."

धाकट्याने रांग उचलली, खिळ्यांच्या डबीत ठेवली आणि त्या जागी स्पंजाची झाडं चिकटवली.

त्यानंतर दादाने पुन्हा विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. धाकट्याने दर वेळी नुसती मान हलवली. खोटं बोलायला जीभ लागते, मानेचं काय, ती हलतेच, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. नकाशे बदलतात, हाही बदलेल. सांगितलं तर काम हातचं जाईल. कारणांना काय तोटा, मागाल तेवढी मिळतात. पण दादाच्या घरी जेवताना त्याच्या ताटात अर्धं अन्न तसंच राहू लागलं. वहिनी काळजीने विचारायची, "भाऊजी, तब्येत बरी नाही का?" आणि तो त्यालाही मान हलवायचा.

गल्लीत सगळेच दादाइतके भोळे नव्हते. शेजारची दोरखंड विकणारी मावशी पक्की होती. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझा विश्वास नाही," ती म्हणाली आणि तिने गल्लीच्या वतीने हरकतीचा अर्ज लिहून घेतला. प्रदर्शनाचा दिवस हाच हरकती देण्याचा शेवटचा दिवस होता. ठरलं असं, की आधी मॉडेल बघायचं. गल्ली दिसली तर अर्ज फाडायचा, नाही दिसली तर तिथल्याच हरकतींच्या खिडकीवर द्यायचा. दादाने मावशीच्या समाधानासाठी सही ठोकली आणि अर्ज खिशात घातला.

त्या सकाळी धाकटा प्रदर्शनाच्या दालनात मॉडेलवरची धूळ ब्रशने झटकत होता. सहज खिडकीबाहेर बघितलं, तर इस्त्रीचा शर्ट घातलेला दादा पुढे आणि सगळी गल्ली मागे. वहिनी, मावशी, डिझेलवाले काका, सगळे नटूनथटून. दादा हातवारे करत काहीतरी सांगत होता आणि बाकीचे हसत होते.

आपण काय करतोय याचा विचार करायच्या आत त्याचा हात हत्यारांबरोबर आणलेल्या खिळ्यांच्या डबीत गेला. झाडं उपटली, गोंद लावला, रांग दाबून बसवली. झाडं खिशात कोंबली. फोडलेली बशी पोरं कपाटामागे सरकवतात, तसंच ते होतं.

"हे बघा! निळं दार!" दादाच्या आवाजाने दालनातली बाकीची माणसं वळून बघू लागली. मावशीने चष्मा पुसून पुन्हा लावला. "मेल्याने माझ्या दारात दोरखंडाचं वेटोळंसुद्धा घातलंय," ती म्हणाली आणि डोळे टिपू लागली. दादाने खिशातला अर्ज काढला, टराटरा फाडला आणि धाकट्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की त्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

तेवढ्यात मॅडम त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी टेबलाकडे बघितलं.

"इथे झाडं होती ना?"

"हो."

आता खरडपट्टी निघणार, म्हणून तो वाट बघत राहिला. निघाली असती तर बरं झालं असतं. मॅडमनी हसणाऱ्या मंडळींकडे बघितलं, जमिनीवरच्या कागदाच्या कपट्यांकडे बघितलं.

"असू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "हरकतींची खिडकी पाचला बंद होते. मग काढा."

त्या निघून गेल्या. बाईच्या मनात दुष्टावा नव्हता. शहराला दुसरा मार्ग उरलेला नाही, असं तिला मनापासून वाटत होतं, आणि कदाचित ते खरंही होतं. पण धाकट्याला आपण काय केलं ते आत्ता दिसलं. इतके दिवस तो नुसता गप्प बसला होता. आज त्याने स्वतःच्या हाताने दादाला खड्ड्यापर्यंत आणून सोडलं होतं, आणि तेही प्रेमाने.

"भाऊजी, आज जेवायला याच," वहिनी जवळ येऊन म्हणाली. "कालपासून तुमच्याशिवाय दुसरा विषय नाही ह्यांना."

त्याला ते ऐकवेना. तो मॉडेलभोवती बांधलेल्या दोरीवरून वाकला. गोंद ओलाच होता, रांग सहज निघाली. ती त्याने दादाच्या तळहातावर ठेवली.

"दादा, ही इथे नाही. इथे झाडं आहेत. तुला येताना बघितलं आणि मी आत्ता चिकटवली."

दादा आधी हसला. त्याला वाटलं, धाकटा गंमत करतोय. मग धाकट्याने खिशातून झाडं काढून दाखवली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तू दुसऱ्यांदा विचारलंस, त्याच्या आधीपासून."

मावशीने तोंड उघडलं, पण दादाने हात वर करून तिला थांबवलं. मग तो बोलला, आणि इतका हळू बोलला, की शेजारच्या काकांना कान पुढे करावा लागला.

"झाडं दिसली असती तर मी तिथे जाऊन भांडलो असतो. तुझ्यावरही दोन दिवस चिडलो असतो, मग विसरलो असतो. पण तू मला सगळ्यांसमोर नाचू दिलंस."

जे बोललं गेलं, ते सगळं खरं होतं.

दादाने रांग टेबलाच्या कडेला ठेवली. योजनेच्या रंगीत माहितीपत्रकांतलं एक उचललं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अर्ज पुन्हा लिहून काढला. मावशीने सही केली, काकांनी केली, एकेक करून सगळ्यांनी केली. धाकटा खांबाशी उभा होता. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं, आणि तेच त्याला सोयीचं वाटत होतं.

"ये," दादा म्हणाला. "सही कर."

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. तो लगबगीने पुढे आला. "दादा, मी खरंच..."

"बाबांनी शेड दोघांच्या नावावर ठेवली आहे," दादा म्हणाला. "त्याला माझा इलाज नाही."

धाकट्याने सही केली. बोटांना गोंद होता, कागद बोटांना चिकटून वर आला. दादाने तो कडेला धरून हळूच सोडवला, भावाच्या हाताला हात लागू न देता, आणि खिडकीकडे चालू लागला.