वळणावरचा मालधक्का

पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं. आमचे जावई पाहुणे म्हणून येतात आणि मुकादम होऊन बसतात. परवा मी जेमतेम तासभर भाजीला गेले, तेवढ्यात ह्यांनी माझा पुठ्ठ्याचा मालधक्का उचलून कपाटावर टाकला आणि त्या जागी दुकानातला प्लास्टिकचा आणून बसवला. नाकापेक्षा मोती जड!

मागच्या खोलीत दाराएवढ्या फळीवर आमच्या घरधन्यांची छोटी रेल्वे आहे. उभा जन्म रेल्वेत रुळांचे सांधे बदलण्यात गेला, आता घरात बदलतात. रूळ, तारा, गाड्या त्यांच्या. घरं, केबिन, पूल, धक्के माझे. त्यांचे हात थरथरतात, ब्लेड धरवत नाही. मी चौथीच्या पुढं शाळा पाहिली नाही, पण ब्लेड माझ्या हातात सुईसारखं चालतं. पुठ्ठा चपलांच्या खोक्याचा, खांब काडेपेटीच्या काड्यांचे, छप्पर चॉकलेटच्या चंदेरी कागदाचं. तो कागद बारीक फणीवर ठेवून नखानं दाबला की हुबेहूब पत्रा. मालधक्क्याला सहा आठवडे लागले. खऱ्या धक्क्यावर मी बारा वर्षं फाटकी पोती शिवलीत. तिथला कुठला खांब कुठं कलला होता, ते मला विचारा.

"आई, तुमचा खांब तिरका होता हो," जावई म्हणाले.

"खराही तिरकाच होता."

"पण रविवारी छोट्या रेल्वेवाल्यांच्या क्लबचे लोक येणार. प्रदर्शनाला एकच फळी निवडणार. तिथं खोकी नि काड्या चालतील का?"

मी मालधक्का खाली काढला. छपराचा एक कोपरा चेपला होता. लेक कानाशी येऊन पुटपुटली, "आई, काही बोलू नकोस. त्यांच्या मनाला लागेल."

"त्यांच्या मनाला लागेल! माझ्या छपराला लागलं त्याचं काय?"

एवढ्यानं भागलं नव्हतं. "फळीपण पुसून घेतली," जावई कौतुकानं म्हणाले. "किती पेन्सिलीच्या रेघोट्या होत्या!"

त्या रेघोट्या माझ्या. मला मिलिमीटर वाचता येत नाहीत. म्हणून मी सगळ्यात लांब डब्याच्या टोकाला पेन्सिलीचा तुकडा दोऱ्यानं बांधते आणि डबा हातानं वळणावरून फिरवते. वळताना डब्याचं टोक रुळाबाहेर किती फेकलं जातं, ते पेन्सिल रेघ मारून सांगते. त्या रेघेपासून रुळापर्यंत काडीसुद्धा ठेवायची नाही. ही माझी मोजपट्टी. ह्या शहाण्यांनी ती ओल्या फडक्यानं पुसली.

"लांब डबा फिरवून बघा एकदा," मी म्हटलं.

"मालगाडी फिरवली ना तीनदा. कुठं अडली नाही."

"मालगाडीचे डबे वीतभरसुद्धा नाहीत."

"आई, मी मोजून बसवलंय," असं म्हणून ते हात धुवायला गेले. घरधनी स्टुलावर बसून आढ्याकडे बघत होते. जावयापुढं त्यांची जीभ नेहमीच यार्डात उभी असते. मी मालधक्का कपाटात ठेवला; म्हटलं, रविवारी लांब गाडीच काय ते सांगेल.

रविवारी क्लबचे प्रमुख आले. पेशानं घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून फळीभर वाकून बघत होते. जावई पुढं पुढं करत होते, "हे असं केलंय, ते तसं केलंय." जणू रात्रंदिवस हेच खपले होते.

"मोठी गाडी फिरवा," घड्याळजी म्हणाले.

घरधन्यांनी बटण फिरवलं. गाडी बोगद्यातून निघाली, पुलावरून आली, वळणाला लागली आणि पहिल्याच लांब डब्याचं टोक प्लास्टिकच्या धक्क्यावर खाडकन आदळलं. इंजिन पुढं, डबे आडवे.

"काही नाही, काही नाही," जावयांच्या कपाळाला घाम. "कडेनं जरा कानस मारतो, बसेल."

"इथं आधी काय होतं?" घड्याळजींनी विचारलं.

मी कपाटाशी जाऊन माझा मालधक्का काढला. जावई माझ्यामागं आले. हळूच म्हणाले, "आई, पाया पडतो, आज नको. ते चेपलंय. हे बघितलं तर आपली फळी निवडणार नाहीत."

"जाऊ दे."

प्लास्टिकचं धूड मी त्यांच्या हातात दिलं. माझा मालधक्का जरा लांब ठेवला, पेन्सिल बांधली, डबा फिरवला, रेघेला कड लावली. चेपलेला कोपरा मुद्दाम पाहुण्यांच्या बाजूला ठेवला. दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली असती, पण कुणाच्या भीतीनं मी छप्पर सरळ करत नाही. घरधन्यांनी गाडी सोडली. गाडी धक्क्याला न शिवता गेली. पुन्हा फिरली, पुन्हा गेली. घड्याळजींनी वहीत काहीतरी लिहिलं. काय ते मी विचारलं नाही.

जावई धूड पोटाशी धरून उभे होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "जावईबापू, या घरात जेवायला या, राहायला या, भांडायलासुद्धा या, तुमचा मान आहे. पण या फळीवर वीट मी लावणार आणि काढायची झाली तर मीच काढणार. क्लबला चालत नसेल, तर क्लबनं दुसरं दार बघावं. तुम्ही आता ते दुकानात परत नेऊन द्या."